बाबल, करणी आपल्याच रक्तात होती

बाबल,

तुझी चिता रचून झाली होती आणि मी त्यातलंच एक आंब्याचं लाकूड उपसून दत्याच्या डोक्यात घालायला धावले. लोक आता हे दबक्या आवाजात एकमेकांना सांगतात आणि मी दिसले की गप्प होतात. तुला मात्र माझ्या, तुझ्या बहिणीच्याच तोंडून कळलेलं बरं.

तुझं लग्न नाही, मूलबाळ नाही. तेव्हा आग द्यायची ती भावकीतल्या जवळच्या पुरुषाने, म्हणजे आपला चुलतभाऊ दत्ताराम याने, असं वाडीतल्या जाणत्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ज्या घरचं पाणी आपण तीस वर्षांत प्यायलो नाही, त्या घरचा माणूस उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून, मडकं घेऊन तुझ्या उशाशी उभा राहिला. मी म्हटलं, "मेल्या, तेका हात लावलंस तर पयलो तुका ह्या लाकडांर चढवतंय!" आणि नुसतं म्हटलं नाही. चार माणसांनी मला धरलं. त्यातल्या एकाच्या नाकावर माझं कोपर बसलं, त्याचं रक्त माझ्या साडीवर उडालं. दत्या मागे सरला, दगडाला अडखळला आणि मट्‌कन खाली बसला.

बसला तो उठेचना. तेव्हा मला त्याचे पाय दिसले. घोट्यापासून वरपर्यंत दोन्ही पाय फुगलेले, कातडी ताणून चकचकीत झालेली. चपला त्याने लांब काढून ठेवल्या होत्या, पण पट्ट्याची खाच पावलावर तशीच रुतून राहिली होती. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या. तीन वर्षं मी रोज सकाळी तुझी नडगी अंगठ्याने दाबून बघत आले. ते पाय ओळखायला मला डॉक्टर लागत नाही.

माझ्या हातातलं लाकूड गळालं. लोकांना वाटलं, बाई भानावर आली. नाही रे. मला आनंद झाला होता. तू समोर लाकडांवर निजलेला आणि मला आनंद झाला, की आता हा पण जाणार, तुझ्यासारखाच कणाकणाने जाणार, आणि हे त्याला ठाऊकसुद्धा नाही. त्या आनंदातच मी मडकं उचललं आणि तुला आग दिली. मला कुणी अडवलं नाही.

आता तुझ्याशी भांडते. तीन वर्षं भांडलो, ते भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास.

सुरुवात आपल्या बापापासून, आबांपासून करावी लागेल. मी नववीत होते, तू पाचवीत. आबांचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग अंगाला अशी खाज सुटली की ते नारळाच्या काथ्याने पाठ घासून घ्यायचे. अन्न समोर आलं की ओकारी. जवळ बसलं की तोंडाला एक उग्र दर्प यायचा, तो मला अजून आठवतो. त्याच वर्षी आबांचा आणि दाजीकाकांचा, म्हणजे दत्याच्या वडिलांचा, दोन घरांमधल्या दगडी कुंपणावरून, गडग्यावरून, वाद पेटला होता. चार चिरे इकडे की तिकडे, एवढाच. आईने देवळात कौल लावला. कौल झाला तो असा, की घरातल्याच माणसाने केलंय. झालं. पुढे काही विचारायचं उरलंच नाही. डॉक्टरकडे जाण्याऐवजी आबा सुजल्या पायांनी कुऱ्हाड घेऊन दाजीकाकांच्या दारात गेले आणि त्यांनी दाराची फळी फोडली. दाजीकाकांनी फावड्याचा दांडा घातला, आबांची दोन बोटं मोडली. ती बोटं जुळायच्या आत आबा गेले. बाराव्या दिवशी आईने त्यांच्या अंगणात उभं राहून केस सोडले आणि म्हणाली, "माझ्या घोवाक खाल्लात, तुमची पण तीच गत होतली!"

आणि तीच झाली. सहा-सात वर्षांनी दाजीकाका सुजले. तीच खाज, तोच दर्प, तीच ओकारी. त्यांनीही त्याच देवळात कौल लावला आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. आई हसली होती त्या दिवशी. मीही हसले. तू हसला नाहीस, एवढं मला आठवतं. दाजीकाका गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दत्याने तुला वाटेत गाठून बांबूने झोडपलं. मी गडग्यावरचा चिरा उचलला आणि फेकून मारला. त्याचे पुढचे दोन दात गेले. ते त्याने कधी बसवून घेतले नाहीत, आणि तो कुठे बाजारात हसताना दिसला की माझा दिवस चांगला जायचा.

मूर्ख होतो रे आपण. एकाच आज्याची दोन घरं. एकाच तऱ्हेने माणसं मरतायत आणि दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवतायत. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की रक्त एकच आहे.

पण गावाला काय, गावाला करणीचं घर मिळालं. माझं ठरलेलं लग्न मोडलं, तुला पोरगी कुणी दिली नाही. मी एसटीत कंडक्टर झाले आणि वीस वर्षं कुडाळ-मालवण गाडीत तिकिटं फाडली. तू माडांवर चढलास, काजूची बाग राखलीस. माझ्या तोंडाला गाव घाबरायचं, तुझ्याकडे गाव चहाला बसायचं. आपण दोघं एका आईची कशी, असं लोक विचारायचे.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. माडावर चढून तुझी कंबर धरायची. स्टँडजवळच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं मीच आणायचे. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. "चार पाकिटं दे रे," म्हणायचं आणि गाडी सुटायच्या आत पिशवीत टाकायची. तू सकाळी चहाबरोबर एक घ्यायचास, उन्हात काम असलं की दुपारी आणखी एक. "गोळी पोटात गेली काय माड धाकटो होता," म्हणायचास. मला कौतुक वाटायचं. मी माझ्या गुडघ्यांना त्याच घ्यायचे. वर्षानुवर्षं अशा गोळ्या खाणं किडनीला घातक असतं, हे कळलं तेव्हा मी त्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवरची काच फोडून आले. त्याचा काही दोष नव्हता. मागणारी मीच होते.

आणि ते शिबिर! शाळेत तपासणीचं शिबिर लागलं होतं, तू पस्तिशीचा असशील. हातावर पट्टा आवळून त्या मुलीने तुझा रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि डॉक्टरांना हाक मारली. रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. दोन महिने घेतल्यास. मग म्हणालास, "बाय, माका काय्येक होणा नाय. डोक्या दुखणा नाय, चक्कर नाय. मगे गोळी कित्याक?" आणि मी, शहाणी, म्हणाले, "सोड तर." दुखतं त्याची गोळी रोज घ्यायची आणि दुखत नाही त्याची टाकून द्यायची. दोन्ही गोष्टी उलट्या केल्या आपण, आणि दोन्ही वेळा सल्ला माझा होता.

पण सगळ्यांत मोठी चूक ती नव्हती. तुला धाप लागून पहिल्यांदा हॉस्पिटलात नेलं, रक्ताचा रिपोर्ट आला, आणि त्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला किडनीचा आजार होता का?" आपण दोघं एका सुरात म्हणालो, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "वडील कशाने गेले?" तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "अचानक गेले." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बाबल, मी आजार लपवत नव्हते. आबा किडनीने गेले असं मला ठाऊकच नव्हतं. आबा करणीने गेले होते आणि करणी काही डॉक्टरांना सांगायची गोष्ट नाही, एवढंच मी तेव्हा मनात म्हटलं.

तू मात्र डायलिसिसच्या मशीनला लागल्यावर तिथे पडल्या पडल्या विचार करत बसलास. आठवड्यातून दोनदा चार-चार तास दुसरं करणार काय? शेवटी एक दिवस त्या डॉक्टरांना तू आबांचं सगळं सांगितलंस. खाज, दर्प, सूज. दाजीकाकांचंही सांगितलंस. मी बाहेर बाकावर होते. घरी आल्यावर, हाताची पट्टी अजून ओली होती, तू पडवीत बसून म्हणालास, "बाय गो, आबांका कोणी काय करूक नव्हता. किडनी गेलेली. दाजीकाकांची पण. आमच्या रक्तातच आसा ता."

मी तुझ्या थोबाडीत मारली. दाराच्या चौकटीवर तुझं डोकं आपटलं. डायलिसिसवरून आलेल्या माणसाला मी मारलं, हे आता लिहिताना माझा उजवा हात मला नकोसा होतो. पण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. तू खरा, तर मग आईचे तळतळाट, आबांची मोडलेली बोटं, दत्याचे दात, माझं मोडलेलं लग्न, तुझं न झालेलं लग्न, सगळं कशासाठी झालं? ज्याला शिव्या देत मी जगले, तेच तू काढून घेत होतास. तू गाल चोळलास आणि म्हणालास, "मारून झाला? आता ऐक." आणि डॉक्टर जे बोलले होते ते मला धड्यासारखं सांगितलंस.

ते मी नंतर स्वतः त्यांच्याकडून ऐकलं. म्हणाले, "मावशी, हा काही दुर्मीळ आजार नाही. मोठ्या माणसांत साधारण दहांत एकाला किडनीची थोडीफार तक्रार असतेच. पण बहुतेकांना पत्ता नसतो, कारण किडनी दुखत नाही. बरीचशी गेल्यावर मग सूज येते, धाप लागते." ज्याला साखर, ज्याला रक्तदाब, ज्याचं वजन फार, ज्याला हृदयविकार, जो विडी-सिगारेट ओढतो, ज्याचं वय झालं, ज्याच्या घरात आधी कुणाला झालं, त्याने वाट बघू नये, रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. बस्स, एवढं साधं. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर गेले आणि गाडीत माणसं मोजायला लागले. पंचेचाळीस सीटं. म्हणजे चार-पाच जण. कोण असतील? सुक्या बांगड्याची पिशवी मांडीवर घेतलेली ती म्हातारी? तो जाडा मास्तर? मागच्या सीटवर विडीचा वास मारणारा? एकालाही माहीत नव्हतं आणि मी त्यांच्याकडे हात पसरून सुटे पैसे मागत होते. त्या दिवशी मी दोघांना चुकीचं तिकीट दिलं.

तुला किडनी द्यायला मी तयार होते, हे तुला वेगळं सांगायला नको. तू नाही म्हणत होतास तर मी तुला दोरीने बांधून नेईन म्हणाले होते. तपासणीत मला साखर निघाली. ती किती वर्षं होती देव जाणे. डॉक्टर म्हणाले, तुमची घेता येणार नाही, उलट तुमचीच सांभाळायला हवी. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट भिंतीवर फेकला. तू त्यांची माफी मागितलीस आणि खाली येऊन मला सोलकढी पाजलीस. तू आजारी आणि समजूत माझी काढत होतास. बाबल, मी तुला कधी म्हटलं नाही, पण माझ्या रागावर न रागावणारं जगात एकच माणूस होतं.

आणि मग आपलं ते भांडण. "दत्याक सांगूक होया."

पहिल्यांदा म्हणालास तेव्हा मी ताट भिरकावलं. दुसऱ्यांदा म्हणालास तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू म्हणायचास, "तेच्या बापाशीक होता, तो पन्नाशीक इलो. तेका तपासूक नको? तेका कोण सांगतला?" मी म्हणायचे, "मरांदे तेका." एकदा तर तूच भडकलास. आयुष्यात तू हात उचलला नव्हतास, त्या दिवशी पाण्याचा तांब्या माझ्यावर फेकलास. माझी भुवई फुटली. रक्त बघून तू मटकन बसलास, आणि मग स्वतःच हळद दाबत म्हणालास, "बघ, माझ्यात पण आबा आसत." आपण दोघं हसलो. तेवढ्यापुरतं भांडण मिटलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू पडलास. म्हणजे तसं सांगितलंस. ओढ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, घसरलास, आणि नेमका डावा हात आपटला, ज्या हातात मशीनच्या सुयांसाठी शिरा जोडून घेतल्या होत्या. त्या शिरेला हात लावला की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. संध्याकाळी ती थांबली होती. मग मानेत नळी घातली. मग नळीतून ताप शिरला, हुडहुडी भरून खाट हलायला लागली, आणि पुढचं तुला माहीत आहे. मी त्या शेवाळाला शिव्या दिल्या. तू गेल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर फावडं घेऊन त्या पायऱ्या घासून काढल्या, हात सोलवटेपर्यंत.

सुतक आलं. गंमत बघ, बोलणं नसलं तरी सुतक चुकत नाही. तीस वर्षांचं वैर, पण तुझ्यासाठी दत्याच्या घरात दहा दिवस देवाला दिवा लागला नाही. मी पडवीत बसून त्याच्याकडे बघत राहायचे. विहिरीपर्यंतची ती एवढीशी वाट, त्यात तो तीनदा थांबायचा. छाती धरून उभा राहायचा. मी मनात म्हणायचे, चल, आणखी थांब, आणखी. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. कौल नको, करणी नको, कोयता नको. इतका सोपा खून कधी कुणाच्या वाट्याला आला नसेल.

पण तू बसू देईनास. चहा ओतला की तू, भाकरी थापली की तू. "तेका कोण सांगतला?" अकराव्या दिवशी मी भाकरीचं पीठ तसंच टाकलं आणि उठले. कोयता मुद्दाम घरी ठेवला.

त्याच्या अंगणात मी आईच्या त्या शापानंतर पहिल्यांदा पाय ठेवला. त्याची बायको सुलभा भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं निसटलं. दत्या पडवीत भिंतीला टेकून बसला होता.

"पाय पुढे कर," मी म्हटलं.

"आता माझ्यार करणी करूक इलंस?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार. पाय कर पुढे."

त्याने केला नाही, तेव्हा मी खाली बसून त्याचं पाऊल ओढलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, खड्डा तसाच. मी त्याला सगळं सांगितलं. आबा, दाजीकाका, तू. करणी नव्हती, आजार होता. उद्या सकाळी रक्त-लघवी तपासायला चल. बोलताना माझा आवाज इतका चढला होता, की शेजारची माणसं गडग्यापाशी जमली. आता मारामारी होणार, असं त्यांना वाटलं असणार.

दत्या तोंड झाकून रडायला लागला. मला वाटलं, मरणाला भ्याला. तो म्हणाला, "ह्याच सांगूक बाबल इलेलो."

मी म्हटलं, "कधी?"

"पावसाच्या आदी. हयच, ह्या पडवेत उभो रवलो. म्हणालो, दत्या, तुझा रक्त तपास. माका वाटला, माझ्यार कायतरी घालूक इलो. मी तेका ढकललंय. तो गडग्यार पडलो. डाव्या हातार."

बाबल, गडग्यावर. शेवाळावर नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही. दत्याचं डोकं मी भिंतीवर आपटलं, एवढं नक्की. माझ्या मुठी सोलेस्तोवर मारलं. त्याने हात वर केले नाहीत. सुलभाने मागून माझे केस धरले, मी तिच्या मनगटाला चावले, ती किंचाळली. गडग्यापलीकडची माणसं उड्या टाकून आली. मला घरी आणून सोडलं तेव्हा माझ्या मुठीत त्याच्या गंजीचा फाटका तुकडा होता.

त्या दिवशी मी तुझ्यावर जितकी रागावले, तितकी त्याच्यावर नाही. तू खोटं का बोललास? मी त्याला ठार मारलं असतं म्हणून? हो, मारलं असतं. मग मला तुरुंगापासून वाचवत होतास, की त्याला माझ्यापासून? तुझा हात थंडगार पडला, मानेत नळी गेली, तापाने दात वाजायला लागले, तरी तू माझा हात धरून शेवाळाची गोष्ट सांगत राहिलास. ज्याने तुला ढकललं त्याला निरोप पोचायला हवा, आणि तो पोचवायला मी बाहेर राहायला हवी, असा काही हिशेब तू मांडला होतास का? मला विचारायचं तरी होतंस. मी नाही म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रिक्षा बोलावली आणि दत्याच्या दारात उभी केली.

तो बाहेर येईना. त्याचा ओठ सुजला होता, डावा डोळा काळानिळा. सुलभा मनगटाला फडकं बांधून दारात आडवी उभी. तो आतून ओरडला, "ती माका वाटेत मारून टाकतली!"

मी म्हटलं, "मेल्या, तुका मारूचा तर माका नुसता गप रवाचा. हात उगारूची पण गरज नाय. चल, बस."

सुलभा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तीच आत गेली आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. रिक्षा कुडाळला निघाली. एका वळणावर त्याला ओकारी आली, मी माझी पिशवी रिकामी करून पुढे धरली. दुसरं काही नव्हतं म्हणून.

रिपोर्ट बघायला त्यांनी आत बोलावलं तेव्हा डॉक्टर आधी त्याच्या डोळ्याकडे बघत होते, मग माझ्या सोललेल्या मुठींकडे. दत्याचा रक्तदाब त्यांनी तीनदा घेतला. म्हणाले, किडन्यांना बरीच इजा झालीय, पण अजून काम करतायत. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं पुष्कळ वर्षं टिकवता येईल. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पायांची सूज उतरवायला वेगळं औषध. सुकी मासळी, लोणचं, मीठ बंद. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. दर तीन महिन्यांनी यायचं. तुमच्या मुलांनाही तपासा. "आणखी वर्षभर घरी बसला असतात तर मशीनवरच आला असतात," ते म्हणाले. "वेळेत आलात. कुणी सांगितलं तुम्हाला?"

दत्याने माझ्याकडे बघितलं. मी रिपोर्ट गोळा केले.

बाहेर आल्यावर तो बाकावर बसला, औषधांची पिशवी छातीशी धरून, आणि पन्नाशीचा तो बाप्या पोरासारखा मला विचारायला लागला, "सुमन, मी जगतलंय मां गो?"

मी म्हटलं, "जगतलंस."

तो जगणार आहे, बाबल. ज्याने तुझा हात निकामी केला तो जगणार आहे, नातवंडं बघणार आहे, आणि दर तीन महिन्यांनी त्याला रिक्षात घालून मीच नेणार आहे, कारण डॉक्टरांचे कागद त्याच्या घरात कुणाला कळत नाहीत. गावाला वाटतं, मी त्याला माफ केलं. मी नाही केलं. तुलाही नाही करणार.